सव्ताचा उपास आणि तुझंमाझं भांडण

आक्का, पेपरात तुझ्या फोटोखाली 'सोशिक, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या' असं छापून आलंय. मजकूर धाकट्या काकांनी दिला. मी त्यांना फोन करून विचारलं, हे कुणाबद्दल लिहिलंय? तर म्हणाले, "असंच लिहितात रं. गेलेल्या माणसाबद्दल आणि काय लिहायचं?"

सोशिक म्हणे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या अंगावर ताट भिरकावून, तशीच चिकोडीहून निपाणीच्या गाडीत बसलेली बाई सोशिक. आई दारात विड्या वळत बसली होती. तुला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "किती दिवस ऱ्हाणार?" तू म्हणालीस, "कायमची आलोय." आणि आत जाऊन तोंड धुतलंस. त्यानंतर नर्सिंगला गेलीस, बेळगावच्या दवाखान्यात लागलीस, आणि ते लग्न पुन्हा कधी तुझ्या तोंडी आलं नाही.

मनमिळाऊवर मी काही बोलत नाही. आपल्या गल्लीतली निम्मी माणसं तुला बघून रस्ता बदलायची, हे काकांनाही माहीत आहे.

पण धार्मिक? या एका शब्दावर तर आपलं सगळं भांडण होतं. आणि ते अर्धवट टाकून तू गेलीस. परवा तुझा जलदान विधी झाला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, सगळे जेवून गेले. आज संध्याकाळी तुझ्या खोलीत खाटेवर बसलोय आणि तेच भांडण परत काढतोय. तू मध्येच तोडायला नाहीस, तर जरा नीट मांडतो.

तू इस्रायलला जातेस म्हणालीस तेव्हा तुझे केस पिकायला लागले होते. मी म्हणालो, "या वयात परदेशात जाऊन काय करणार? तिथल्या लोकांची उष्टी काढणार?"

"म्हातारी सांभाळायला जातो," तू म्हणालीस. आपल्याकडच्या बाया बोलतात तसंच तू बोलायचीस, जातो, येतो, करतो. "इथं दवाखान्यात शंभरांचं करतो, तिथं एकीचं करीन. तुला लाज वाटत असली तर कुणाला सांगू नको."

आणि गेलीस. समुद्राजवळच्या कुठल्याशा गावात, रिव्का नावाच्या एका ज्यू म्हातारीच्या घरी. पहिल्या फोनमध्येच तू सांगितलंस की तिला 'सव्ता' म्हणायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आईला ऐकू आलं सावता. ती घाबरून म्हणाली, "बाप्या हाय व्हय गं?" तू किती हसली होतीस त्या दिवशी.

मग हळूहळू शनिवारच्या तुझ्या फोनमधून ती म्हातारी आपल्या घरात येऊन राहिली. ती हंगेरीतल्या एका गावातली शिंप्याची मुलगी. युद्धात शाळकरी वयात तिला आईबापांसकट मालगाडीत कोंडून पोलंडमधल्या छळछावणीत नेलं. उतरल्या उतरल्या आई एका रांगेत गेली, ती दुसऱ्या. आईची रांग कुठं गेली हे तिला दुसऱ्या दिवशी कुणीतरी धुराकडं बोट दाखवून सांगितलं. त्या छावणीचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, पण सव्ता ते उच्चारायची नाही. 'तिकडं' म्हणायची. तूही मग 'तिकडं' म्हणायला लागलीस. मी इतिहासाचा मास्तर, मी फोनवर नाव घेतलं की तू लगेच, "तिकडं म्हण की."

आणि ती म्हातारी देवभक्त होती. हेच मला झेपत नव्हतं. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दोन मेणबत्त्या लावायची, डोळ्यांवर तळहात धरून पुटपुटायची, आणि मग शनिवारी अंधार पडेपर्यंत दिव्याच्या बटणालाही हात लावायची नाही. मी तुला विचारलं होतं, "एवढं सगळं बघून ती अजून देवाला मानते? तो कुठं होता तेव्हा, हे तिला विचार."

"तू विचार," तू म्हणालीस. "मी तिच्या गोळ्या-औषधाला हाय."

पण तू विचारलंसच. तुला राहवलं असतं का! आणि तिनं तुला उपासाची गोष्ट सांगितली. ती तू मला फोनवर सांगितलीस, पुढं घरी आल्यावर सांगितलीस, आणि त्या सभेत तर माइकशिवाय सांगितलीस. मला ती तुझ्या शब्दांत पाठ आहे.

ज्यू लोकांचा वर्षातला एक मोठा दिवस असतो. केलेल्या चुकांची क्षमा मागायची, आणि अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. तो चंद्रावर ठरतो, आपल्या विजयादशमीसारखा. छावणीत दिनदर्शिका कुठली? पण बराकीतली एक वयस्क बाई आभाळात चंद्र बघून तिथी धरून होती. तिनं सांगितलं, उद्या तो दिवस. आता जिथं सकाळी काळं पाणी, दुपारी सालींचं सूप आणि संध्याकाळी पावाचा तुकडा, एवढ्यावर बायका जगत होत्या, तिथं उपास? त्यांच्या धर्मातही जीव वाचवायला नियम मोडायला परवानगी आहे. ती बाईसुद्धा म्हणाली, पोरींनो, तुम्हाला माफ आहे, खा. रिव्का म्हणाली, मी धरणार.

तिच्या फळीवर शेजारी मार्गिट नावाची मुलगी झोपायची. बुडापेस्टची, कॉलेजात शिकणारी, देवबिव काही न मानणारी. तिनं रिव्काला वेड्यात काढलं. म्हणाली, "हे आपल्याला उपाशी मारायलाच बसलेत, तू त्यांना मदत कर." रिव्का म्हणाली, "रोज ते मला उपाशी ठेवतात. उद्या मी ठेवणार आहे. उद्याची भूक माझी."

दुसऱ्या दिवशी त्यांना कामाला नेलं नाही, बराकीतच ठेवलं. दुपारी सूप आलं. रिव्कानं आपला कटोरा भरून घेतला, पण ठेवायचा कुठं? आजूबाजूला भुकेनं वेड्या झालेल्या बाया. तेव्हा मार्गिटनं तो कटोरा तिच्या हातातून घेतला, दोन गुडघ्यांत धरला आणि वर आपला अंगरखा ओढून बसली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. तिचं स्वतःचं सूप केव्हाच संपलेलं, पोटात आग, आणि मांडीत दुसरीचा भरलेला कटोरा. चांदण्या दिसल्यावर तिनं तो रिव्काच्या पुढं केला. गार झालेल्या सुपावर साय धरल्यासारखा थर होता, तो मोडलेला नव्हता.

"तुझा देव मला पटत नाही," मार्गिट म्हणाली. "पण तुझं सूप तुझंच आहे."

हे तू फोनवर सांगितलंस. मी म्हणालो, "आक्का, या गोष्टीत मी मार्गिटच्या बाजूचा."

"मला म्हाईत हाय," तू म्हणालीस. "मी पण कुठं ठरवलोय अजून."

मार्गिट वाचली नाही. हिवाळ्यात त्यांना दुसऱ्या छावणीकडं चालवत नेलं आणि तिथं ती तापानं गेली. रिव्कानं तिच्यासाठी मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली. पुढं आयुष्यभर, दर वर्षी, तिच्या नावानं दिवा लावला. तू तिला म्हणालीस, मार्गिटला आवडलं नसतं. सव्ता म्हणाली, "नसतंच आवडलं. मग थांबायचं होतं तिनं भांडायला."

सव्ता गेली आणि तू परत आलीस. तोवर आई गेली होती. तुझ्या पेटीत कपडे कमी आणि तिकडचे मसाले जास्त. तुझी बुद्धवंदना पूर्वीसारखीच चालू होती. मग 'धार्मिक' कुठून आलं? आलं ते असं, की शुक्रवारी संध्याकाळी तू बुद्धाच्या मूर्तीपुढं रोजची मेणबत्ती लावून झाल्यावर खिडकीत आणखी दोन लावायला लागलीस. काकूंनी बघितलं, आणि आक्कानं धर्म बदलला अशी बातमी गल्लीभर झाली.

मी त्यावर तुझ्याशी किती भांडलो. म्हणालो, "आपल्या आजोबांनी घरातला देव्हारा उचलून टाकला आणि धम्म घेतला. ज्या देवाच्या देवळात आपल्याला पायरी चढू देत नव्हते, तो देव आपण सोडला. सोडला म्हणून माणसात आलो. आणि तू दुसऱ्याचा देव खिडकीत आणून ठेवतेस?"

तू कांदा चिरत होतीस. सुरी थांबवली नाहीस. "आजोबांनी देव का सोडला? तो दुसऱ्यांनी आपल्या डोक्यावर बसवलेला हुता म्हणून. सव्तानं का धरला? दुसरे तो हिसकावून घ्यायला बघत हुते म्हणून. मला तर दोघंबी एकाच रगीची वाटत्यात."

"एक कसं? एक सोडणं, एक धरणं."

"मग तू सांग की, एक कसं न्हाय ते."

मी सांगायला लागलो. देव आहे की नाही हा प्रश्न रग असण्या-नसण्यानं सुटत नाही, असं काहीतरी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "देव खरा का खोटा, हे मी तिला कधी विचारलंच न्हाय, मिलिंदा. तिच्याकडनं सगळं काढून घेतलं, केस, कपडे, आई, नाव. एक गोष्ट तिनं दिली न्हाय. ती काय गोष्ट हाय यापेक्षा तिनं दिली न्हाय, ह्यावर मी दिवा लावतो."

मी म्हणालो, हे उत्तर नाही. अजूनही म्हणतो.

एकदा मात्र मी जास्तीचं बोललो आणि तू मला तिथंच अडवलंस. मी म्हणालो की आपल्या लोकांनीही गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या तेच भोगलं, फरक काय? तू सुरी खाली ठेवलीस. "दुःखाला माप लावू नको. आपलं आपल्या जागी लई मोठं हाय. तिचं तिच्या जागी. एकाला दुसऱ्याचं उसनं मोठेपण लागत न्हाय."

आता त्या सभेचं. ते काकांनी पेपरात घातलं असतं तर मी त्यांना हार घातला असता.

निपाणीत महिला दिनाची वक्तृत्व स्पर्धा होती. एका मंडळानं 'परदेशात सेवा केलेली आपली कन्या' म्हणून तुला प्रमुख पाहुणी केलं. विषय होता 'माझा आदर्श नेता'. कॉलेजातली एक मुलगी उठली आणि जर्मनीच्या त्या हुकूमशहावर बोलायला लागली. काय सुंदर बोलली! शिस्त, देशप्रेम, कणखरपणा. आपल्या देशालाही असाच नेता हवा, असा शेवट. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून मला तुझा चेहरा दिसत होता, आणि मला कळलं की आता हा कार्यक्रम ठरल्यासारखा संपणार नाही.

परीक्षकांनी तिलाच पहिला नंबर दिला. ढाल तुझ्या हातात आली. मुलगी समोर उभी राहिली, फोटोवाला वाकला. तू ढाल टेबलावर ठेवलीस आणि माइक घेतलास.

"बाळ, तू बोललीस छान. ढाल तुझी हाय, परीक्षकांनी दिलीया. पण ती माझ्या हातनं न्हाय मिळायची. का न्हाय ते सांगतो, मग जा." सभागृहात कुजबुज. "मी एका म्हातारीला आंघोळ घालत हुतो. तिच्या हातावर त्या लोकांनी आकडे गोंदले हुते, जनावरावर डाग देत्यात तसे. साबण लावताना तेवढी जागा मी हळू चोळायचो. ती म्हणायची, जोरात चोळ, जात न्हायत ते."

मंडळाचे एक पदाधिकारी उठले आणि म्हणाले, "आक्का, आजचा दिवस आनंदाचा आहे." तू म्हणालीस, "व्हय, म्हणूनच सांगतो." मग माइक बंद झाला. कुणी केला ते दिसलं नाही. तू माइक खाली ठेवलास आणि तशीच बोलत राहिलीस. छताचे पंखे घरघरत होते, तुझा आवाज पुढच्या दोन रांगांच्या पलीकडं येत नव्हता. मी उठलो, भिंतीजवळ गेलो आणि सगळ्या पंख्यांची बटणं बंद केली. मार्चचा उकाडा. लोक पदरानं, कागदानं वारा घेत बसले आणि ऐकत राहिले. चंद्र बघून धरलेली तिथी, मार्गिट, गुडघ्यांतला कटोरा. तू सगळं सांगितलंस. चढा आवाज नाही, रडणं नाही. वॉर्डात नातेवाइकांना समजावून सांगायचीस तसं.

शेवटी ती मुलगी म्हणाली, "पण मॅडम, भाषण मला सरांनी लिहून दिलंय."

"मग ढाल सरांस्नी दे," तू म्हणालीस.

लोक हसले. ती हसली नाही. पदाधिकाऱ्यांच्या हातून तिनं ढाल घेतली आणि उतरून गेली. तुला वाटलं होतं की ती ढाल नाकारेल, हे तू मला घरी येताना सांगितलंस. "माझीबी आशा जरा जास्तच," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर आलं की प्रमुख पाहुण्यांनी वातावरण बिघडवलं. तू ते मला मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि म्हणालीस, "बिघडवलं की. बिघडवायलाच पायजे हुतं."

त्यानंतर कुणी तुला ज्यूंची एजंट म्हटलं. आणि बेळगावातला माझा एक मित्र, चांगला माणूस, घरी येऊन तुला म्हणाला, "आक्का, तुमच्या म्हातारीचं खरं. पण आज तिचा देश शेजारच्यांचं काय करतोय ते बघता का? उपाशी पोरं बघता का?" मला वाटलं तू भडकशील.

"बघतो," तू म्हणालीस. "ती पोरं दिसली की घास उतरत न्हाय. सव्तानं मला भूक सांगितली ती माणसाची भूक म्हणून. एकाच्या मालकीची म्हणून न्हाय सांगितली. ज्याला तिची गोष्ट दुसऱ्याचं लेकरू उपाशी ठेवायला वापरायची हाय, त्यानं माझ्या दारात येऊ नये. आणि ज्याला आजचं बोट दाखवून तिचं झालंच न्हाय म्हणायचं हाय, त्यानंबी येऊ नये." मग त्याला चहा दिलास.

आजार कळला तेव्हा बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात कानडीत बोलत होते. त्यांना वाटलं असेल, पेशंट बाई, मराठी, हिला काय कळतंय. तू खाटेवरून हाक मारलीस, "डॉक्टर, नन्ग हेळ्री. आजार मला झालाय, मला सांगा. माझ्या भावाला जरा कमी ऐकू येतं." ते ओशाळले आणि खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसले. तू त्यांना एकेक प्रश्न विचारलास. आयुष्यभर हजारो पेशंटांच्या डोक्यावरून झालेली बोलणी तू ऐकली होतीस, आपल्या डोक्यावरून होऊ दिली नाहीस.

शेवटच्या आठवड्यात तू अगदी एवढीशी झाली होतीस. शुक्रवार होता. दवाखान्यात ऑक्सिजनमुळं मेणबत्ती लावता येत नाही. मी तुला विचारलं, "आक्का, आता तरी सांग. कुणाची प्रार्थना करावी वाटते का?" मी खरंच विचारत होतो. तुझे डोळे मिटलेले होते. वाटलं झोपलीस.

"अजून जिंकायला बघतोयस व्हय?" तू म्हणालीस.

"न्हाय गं."

"मग बघ की. भांडल्याबिगर कसं करमंल तुला?" आणि थोड्या वेळानं, "केस विंचर माझे. कुणी आलं तर बरं दिसंल." मी विंचरले. मला वेणी घालता येत नाही, तू हातानं दाखवत होतीस.

तुझ्या जलदानाला मी बोलायला उभा राहिलो तेव्हा काका माझा शर्ट ओढून म्हणाले, "जास्त काय बोलू नको. तिचं ते ज्यूंचं नको. चार चांगले शब्द बोल." मी ज्यूंचंच बोललो. काकू उठून आत गेल्या. भन्तेजींनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं, आणि निघताना मला विचारलं, ती मार्गिट किती वर्षांची होती? मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. तुझ्याकडून विचारून घ्यायच्या राहिलेल्या गोष्टींत ही एक.

आभार मानायचे तर कशाचे मानू? तू कुठंही मला सोपं जाऊ दिलं नाहीस, याचे मानतो. माझं मत तू बदललं नाहीस. मी अजून म्हणतो, तिथं देव नव्हता. असता तर ती मालगाडी निघालीच नसती. खिडकीत मेणबत्त्या मी लावणार नाही. तू मला ते सांगितलंही नव्हतंस.

पण आज सकाळी शाळेत रुजू झालो तेव्हा एक गोष्ट केली, ती सांगतो. दहावीला दुसरं महायुद्ध आलंय. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. दोन-तीन दिवस जड शिकवू नका. छावण्यांचं पुस्तकात दोन ओळी आहेत, तेवढं वाचून पुढं चला. पोर्शन राहतोय."

"राहू दे सर," मी म्हणालो.

आणि अख्खा तास त्या दोन ओळींवर घेतला. मालगाडी सांगितली, दोन रांगा सांगितल्या, उपास सांगितला. 'तिकडं' म्हणालो. शेवटच्या बाकावरच्या पोरी पुढं येऊन दाटीवाटीनं बसल्या. संपल्यावर एकीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मग तिथं देव हुता का न्हवता?"

आयुष्यभर माझ्याकडं या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. ते मी दिलं. लगेच पुढं तुझं दिलं, तुझ्याच शब्दांत, काही न कापता. म्हणालो, माझी बहीण असं म्हणायची, मला ते पटत नाही, आता तुम्ही बोला.

दोन तट पडले आक्का. एक पोरगी म्हणाली, रिव्का शहाणी. दुसरी म्हणाली, शहाणी ती मार्गिट, तिनं सूप राखलं म्हणून हिचा उपास झाला. तिसरी उठून म्हणाली, मग दोघींत कोण खरी ते कशाला ठरवायचं? तिला सगळ्यांनी ओरडून खाली बसवलं. मधली सुट्टी झाली. बाहेर व्हरांड्यात डबे उघडले, आणि घास हातात धरून त्यांचं चालूच, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. शेजारच्या वर्गावरचे सर येऊन म्हणाले, तुमच्या वर्गाचा लई गोंगाट आहे, जरा गप्प करा.

मी दारात उभा होतो. गप्प केलं नाही.